मोडनिंबचं फ्रेंच

सोलापुरात मी फ्रेंच शिकवते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग दाराबाहेरच्या उन्हाकडे बघतो, आणि मग अगदी सहानुभूतीनं विचारतो, ‘कुणी येतं का हो शिकायला?’ येतात. शेंगाचटणी करून विकली असती तर गिऱ्हाईक जास्त मिळालं असतं हे मला मान्य आहे. माझी धाकटी बहीण ते दर दिवाळीत ऐकवते, आणि वर माझ्याच फराळाला नावं ठेवते.

नोकरी कॉलेजात झाली. तिथे फ्रेंच हा मार्कांचा विषय. मराठीत मार्क पडत नाहीत म्हणून मराठी आईबापांची मुलं फ्रेंच घ्यायची, शंभरात नव्वदच्या वर पाडायची आणि निकाल लागला की पुस्तकं रद्दीत घालायची. त्यातल्या एकालाही फ्रेंचमध्ये पेलाभर पाणी मागता आलं नसतं. मार्कांचं फ्रेंच आणि बोलायचं फ्रेंच या दोन जावा आहेत. राहतात एका घरात, पण एकमेकींशी बोलत नाहीत. निवृत्त झाल्यावर मी ठरवलं, आता धाकट्या जावेकडे राहायला जायचं. पुढच्या खोलीत चार खुर्च्या मांडल्या आणि बोलायचं फ्रेंच शिकवायला लागले.

यातली पहिली अडचण अशी, की फ्रेंचची सगळी पुस्तकं इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात. मीही पुण्यात तशाच पुस्तकांवर शिकले. पुस्तकातला विद्यार्थी कायम लंडनचा. तो पहिल्या धड्यात पॅरिसला उतरतो आणि एका बाईला स्टेशनचा रस्ता विचारतो. आमची पोरं त्याच्या मागोमाग जातात. कुणी फ्रेंचमध्ये नाव विचारलं की प्रश्नाचं मनात इंग्रजी करायचं, इंग्रजीत उत्तर शोधायचं, मग त्याचं फ्रेंच करायचं. तोवर समोरच्याची कॉफी पिऊन होते. मी म्हणते, अरे, व्हाया लंडन कशाला जाता? थेट जा की! फ्रेंच लोकांत तू आणि तुम्ही आहे, आपल्यातही आहे. इंग्रजाला ते समजावताना मास्तरांना घाम फुटतो. आपल्या पोराला मात्र कुणाला ‘तू’ म्हटलं की पाठीत धपाटा बसतो, हे शाळेत जायच्या आधीच कळलेलं असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे मी मापाचं शिवते. आल्या आल्या विचारते, कुणाशी बोलायचंय आणि काय बोलायचंय? तेवढंच शिकवते. आणि सगळ्यांना पहिला शब्द एकच शिकवते: ‘आंकोर’. म्हणजे पुन्हा. पुन्हा सांगा. बोलायला शिकण्यात अर्ध्याहून जास्त भाग न लाजता ‘पुन्हा सांगा’ म्हणायला शिकण्याचा. शिकलेल्या माणसांना हा एक शब्द फार जड जातो. समजलं नाही तरी मान डोलावतात आणि मग भलत्याच गावाला पोचतात.

माप घेण्यातही चूक होते, हे मला व्यंकटेशनं शिकवलं. हा पूर्व भागातला टॉवेलवाला. घरात तेलुगू, बाजारात मराठी, कारखान्यात दखनी आणि मेलवर इंग्रजी. फ्रेंच ही त्याची पाचवी भाषा. त्याला फक्त भाव बोलायचा होता. ‘एवढ्यात परवडत नाही’ हे वाक्य मी त्याला इतक्या नम्र तऱ्हांनी शिकवलं की ऐकणाऱ्यानं खिशात हात घातलाच पाहिजे. पठ्ठ्या फ्रान्सला जाऊन आला तो रागावूनच.

‘काय ओ मॅडम, फसवलात की मला! भावाचं बोलणं दहा मिनटात मिटलं. पुढं निस्तं जेवालालेत, जेवालालेत. आई कशी हाय, गाव कसं हाय, माशात काय घालता. मी आपला गप! शेवटी म्हटलं, एवढ्यात परवडत नाही.’

‘मग?’

‘मग काय, लई हसले. ऑर्डर दिली. पण मला बोलायचं होतं ओ. आईबद्दल बोलायचं होतं.’

तेव्हापासून माणूस मागतो ते माप आणि त्याला लागतं ते माप वेगळं असू शकतं, हे मी मनाशी धरून चालते.

प्रज्ञाचं माप मात्र बरोबर बसलं. रेल्वेतल्या एका हमालाची ही मुलगी, नर्सिंग केलेली, कॅनडाच्या फ्रेंच बोलणाऱ्या भागातल्या दवाखान्यात जायची जिद्द धरलेली. तिच्यासाठी मी जवळजवळ सगळं वर्ष आजारी होते. कधी माझ्या पोटात दुखायचं, कधी श्वास लागायचा, कधी मी औषध घेणार नाही म्हणून फ्रेंचमध्ये थयथयाट करायची. शेजारीण एकदा घाबरून लिंबूपाणी घेऊन आली. प्रज्ञा गेली. दर महिन्याला फोन करायची, अगदी ठरवून फ्रेंचमध्ये. वर्षभरानं तिचं फ्रेंच असं काही पळायला लागलं की माझा हात सुटला. ती बर्फाबद्दल, कुणा म्हाताऱ्या पेशंटबद्दल हसत काही सांगत होती आणि मला अर्धंही लागत नव्हतं. मी म्हटलं, ‘आंकोर.’ ती थांबली. मग हळू बोलायला लागली, एक एक शब्द सुटा करून, मी तिच्याशी बोलायची तसं. मी फोन ठेवला. अभिमान वाटत होता आणि रडूही येत होतं.

कारण मी स्वतः कधी फ्रान्सला गेलेच नाही. लोकांना वाटतं, मॅडम दहा वेळा जाऊन आल्या असतील. माझा पासपोर्ट कोरा होता तसाच मुदत संपून गेला. एकदा जायचं ठरत होतं तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली होती, पुढे माझेच गुडघे रुसले. पुस्तकातल्या त्या लंडनच्या माणसाला मी जन्मभर स्टेशनचा रस्ता सांगितला. पुलावरून सरळ, बेकरीपाशी डावीकडे. तो पूल, ती बेकरी मला माझ्या गल्लीइतकी ठाऊक आहे. उन्हाळ्यात दुपारी गल्ली भाजून निघते, चिटपाखरू नसतं, तेव्हा मी डोळे मिटून तिथून चालून येते. मला जायचं होतं. हे वाक्य मराठीत मी कुणाला म्हटलं नाही, पण वर्गात नमुना म्हणून फ्रेंचमध्ये कितीदा तरी म्हणून झालंय.

जे आले ते सगळे जाण्यासाठी आले. माझ्याकडे शिकायचं म्हणजे सोलापुरातून निघायचं, असंच होतं. न जाण्यासाठी शिकायला आलेलं जोडपं एकच. आज खरं तर त्यांच्याविषयीच लिहायला बसले आहे.

माने सर मोडनिंबचे. हायस्कुलात जन्मभर इंग्रजी शिकवलेलं. पांढरा शर्ट, खिशाला पेन, बोलताना मधेच इंग्रजी वाक्य, तेही व्याकरणाला धरून. सोबत त्यांच्या पत्नी, त्यांना मी वहिनी म्हणायला लागले. एका रविवारी सकाळच्या एसटीनं दोघं आली. सरांनी खुर्चीत बसून घसा साफ केला आणि इंग्रजीत सुरुवात केली. वहिनींनी पिशवीतून ज्वारीच्या कडक भाकऱ्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्या आणि मराठीत संपवलं.

‘बाई, आमचा ल्योक तिकडं फ्रान्सला हुता. वारला. त्याची पोरगी हाय तितं. तिला आमचं कळंना, आमाला तिचं कळंना. काय तरी करा.’

मुलगा शेतीच्या यंत्रांचा इंजिनिअर होता. तिकडेच नोकरी, तिकडेच लग्न. सून क्लेअर स्वभावानं चांगली, पण तिचं इंग्रजी बेतास बात. नात मीरा, आठ वर्षांची, तिला फक्त फ्रेंच. मुलगा होता तोवर काही अडलं नाही. तो कामावर जाताना गाडीतून आईबापांना रोज फोन करायचा. सणासुदीला मीराला पडद्यासमोर उभी करायचा, इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे तोच सांगायचा. दोन वर्षांपूर्वी त्याचं हृदय अचानक बंद पडलं. व्हिसा वेळेत मिळाला नाही. आईबापांनी मुलाला शेवटचं फोनवर पाहिलं.

‘मधला माणूस गेला, मॅडम,’ सर म्हणाले. ‘आता फोन लावतो आणि एकमेकांकडे बघत बसतो. तीही बघते, आम्हीही बघतो. मग ती हात हलवते आणि उठून जाते.’

क्लेअरनं मोडक्या इंग्रजीत त्यांना आणखी एक सांगितलं होतं. मीरा वडिलांचं नाव काढत नाही. कुणी ‘पापा’ म्हटलं की खोलीतून निघून जाते.

‘पोरीनं बापाला टाकलंय,’ वहिनी म्हणाल्या. ‘आता हळूहळू आमालाबी टाकंल. मग आमचं कोन ऱ्हायलं?’

मी नेहमीप्रमाणे विचारलं, मीराशी काय बोलायचंय? सरांचं उत्तर तयार होतं. हवामान, शाळा, तब्येत. पोलाइट कन्व्हर्सेशन. व्यंकटेशची आठवण झाली, पण सरांसमोर बोलायची छाती झाली नाही. इंग्रजीच्या मास्तरांसमोर सगळ्यांचीच बोबडी वळते.

पहिल्या दिवशी नावगाव शिकवलं. वहिनींना म्हटलं, म्हणा, माझ्या नवऱ्याचं नाव अमुक. वहिनी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

‘अगो बाई! तसलं काय इचारू नगासा.’

‘बरं, मुलाचं नाव सांगा.’

‘आबा.’

वहिनींच्या सासऱ्यांचं नाव हणमंत. ते गेल्यावर वर्षाच्या आत मुलगा झाला, म्हणून त्याला तेच नाव ठेवलं. आता सुनेनं सासऱ्यांचं नाव कसं उच्चारायचं आणि सासऱ्यांच्या नावाच्या पोराला हाक मारून ‘ये’, ‘जा’, ‘गिळ’ कसं म्हणायचं? म्हणून पाळण्यातल्या पोराला ‘आबा’. वहिनी देवालासुद्धा मारुतराया म्हणत, हणमंत म्हणत नसत. याचं मला नवल वाटलं नाही. माझ्या आत्याकडे असाच एक शेंबडा तात्या होता, सगळं घर त्याला अहो-जाहो करायचं. शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि घरात दुसरं, ही आपल्याकडे सांगायची गोष्टच नाही. आम्ही तिघंही ती सांगायची गोष्ट नाही असंच धरून बसलो.

सर भराभर शिकले, पण व्हाया लंडन. वहिनींना इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे लंडनचा फेरा वाचला, पण चार दिवसांत सगळं विसरून यायच्या. मग सर एसटीत त्यांच्याकडून घोकून घ्यायचे. कंडक्टर म्हणे तिकीट देताना बोंजूर म्हणायला लागला. धडा झाला की जेवणं, आणि दुपारी माझ्याच घरातून फ्रान्सला फोन. तिकडे तेव्हा सकाळ असायची. क्लेअर स्वयंपाकघरात, मीरा तिच्या खोलीत खाटेवर टॅब टेकवून बसलेली. ‘अडलं तर तुमी हायसा की,’ असं वहिनींचं म्हणणं.

सर विचारायचे, तिकडे हवा कशी आहे? मीरा म्हणायची, बरी आहे. शाळा कशी आहे? बरी आहे. तब्येत? बरी आहे. मग शांतता, मग हात हलवणं. सरांचं एकही वाक्य चुकत नव्हतं, आणि दर रविवारी फोन आधीपेक्षा लवकर संपत होता.

एका रविवारी फोन ठेवल्यावर वहिनी उखडल्या.

‘हवापानी काय इचारताय सारकं? तिला काय पेरनी करायचीय का? आबाचं काय तरी सांगा की. चिच्चंवर चढून बसायचा ते सांगा.’

‘पापाचं काढलं की ती उठून जाते, तुला माहितीय,’ सर म्हणाले.

‘मग पापा कशाला म्हनताय? आबा म्हना.’

पुढच्या रविवारी आम्ही चिंचेची गोष्ट बसवली. साधी, छोटी वाक्यं. ‘आबा झाडावर चढतो. आजी ओरडते. आबा खाली येत नाही. आजी भाकरी दाखवते. आबा खाली येतो.’ नवशिक्याला मी आधी चालू काळच शिकवते, झालं-गेलं नंतर. वहिनींनी प्रत्येक वाक्य डोळे घट्ट मिटून म्हटलं. उघडून बघितलं तर मीरा खाटेवरून पुढे सरकली होती.

‘बाक्री?’ तिनं विचारलं. वहिनींनी पिशवीतली भाकरी काढून पडद्याला लावली. मीरा हसली आणि म्हणाली, ‘आंकोर.’

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. हा शब्द त्यांना येत होता. त्यांनी पुन्हा सगळी गोष्ट सांगितली, पहिल्यापेक्षा जास्त चुका करत, आणि शेवटी आबासारखा आवाज काढून.

मग तर झराच लागला. आबा शाळा बुडवायला धान्याच्या कणगीत लपतो आणि तिथेच झोपी जातो. आबाला दूध आवडत नाही, तो ते मांजरीला पाजतो आणि दुधाच्या मिशा स्वतःला काढतो. आबा शेळीला पाढे शिकवतो. एसटीतून येताना दोघं नवरा-बायको एक एक प्रसंग आठवून काढायचे, मी त्याची फ्रेंच वाक्यं करायची, आणि वहिनी ती शालू नेसल्यासारख्या जपून म्हणायच्या. मुलगा गेल्यापासून सरांनी त्याच्याविषयी बोलणं बंद केलं होतं. आता ते मधेच म्हणायचे, ‘शेळीला बेचे पाढे नव्हते, पावकी होती. नीट सांग.’ फोन लांबत गेले. मीराच हट्ट धरून फोन लावायला लागली.

आम्ही मनातून सुखावलो होतो. ‘पापा’ म्हटलं की उठून जाणारी पोर ‘आबा’ म्हटलं की बसते, म्हणजे घरच्या नावानं तिच्या मनातली गाठ सैल केली, असं सर म्हणायचे. मलाही ते पटलं. आपल्या शिकवण्याचं एवढं सार्थक झालेलं कुणाला आवडणार नाही?

दिवाळी तोंडावर आली होती. त्या रविवारी वहिनींनी चकल्या आणल्या होत्या आणि आबा चकलीची बांगडी करून घालतो ही गोष्ट बसवली होती. फोन लागला. मीरा नेहमीपेक्षा नटून बसली होती, केसांना पिन वगैरे. वहिनींनी डोळे मिटायच्या आतच ती बोलायला लागली. हळू, सुटं सुटं, आजी-आजोबांना समजेल असं. हे ती आपणहून शिकली होती. तिनं एक काचेची निळी गोटी कॅमेऱ्यासमोर धरली. ही आबासाठी, म्हणाली. तिच्याकडची सगळ्यात चांगली गोटी. मग तिनं विचारलं, ‘आबा आज घरी आहे का? तो फोनवर का येत नाही?’

सरांना समजलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. वहिनी हसऱ्या तोंडानं आळीपाळीनं आम्हा दोघांकडे बघत होत्या.

‘काय म्हनली? गोटी कुनाला?’

सरांनी माझ्याकडे बघितलं. आता मधला माणूस मीच होते. आयुष्यात इतकी वाक्यं इकडची तिकडे केली, त्यांतलं एकही इतकं जड नव्हतं.

‘वहिनी,’ मी म्हटलं, ‘ती विचारतेय, आबा कुठाय. त्याला फोनवर बोलवा म्हणते. गोटी त्याच्यासाठी आहे.’

वहिनींना आधी उमगलंच नाही. मग त्यांचा हात छातीवर गेला.

‘आबा म्हंजी तिचा बाप, हे तिला ठावं न्हाय?’

कसं ठाऊक असणार? आबा हे नाव मोडनिंबच्या त्या घरापुरतं. मुलगा आईशी बोलायचा तो गाडीत, एकटा असताना. सणासुदीच्या फोनवर सगळे मीराशीच बोलायचे, त्याला हाक मारायची वेळच यायची नाही. तिकडे दारावरच्या पाटीवर हणमंत, शाळेच्या कागदावर हणमंत, क्लेअरच्या तोंडी हणमंत. मीराला मोडनिंबमध्ये एक मित्र मिळाला होता. तो झाडावर चढत होता, कणगीत झोपत होता, आणि आमच्या वाक्यांत तो हे सगळं आजही करत होता.

सर वाकून बायकोच्या कानाशी आले. ‘सांगू नको. गावाला गेलाय म्हणू. ती उठून गेली तर परत यायची नाही. एवढं कष्टानं जमलंय.’

खरं सांगते, मलाही तेच वाटलं. पडद्यावर मीरा गोटी तशीच धरून थांबली होती.

‘न्हाय,’ वहिनी म्हणाल्या. ‘लेकराला खोटं सांगायचं न्हाय. ती किती दीस वाट बघंल?’ मग माझ्याकडे वळल्या. ‘बाई, तुजा बाप, हे कसं म्हनायचं?’

‘तों पापा.’

वहिनी पडद्याकडे वळल्या. या वेळी डोळे मिटले नाहीत.

‘आबा,’ त्या म्हणाल्या, ‘से तों पापा.’ आबा म्हणजे तुझे पापा.

मीरानं मान हलवली. आजीचं चुकलंय, असं समजून तिनं समजुतीच्या सुरात सांगितलं. नाही. माझे पापा हणमंत. तिच्या तोंडून ते नाव ‘आनमां’ असं काहीतरी निघालं, पण वहिनींना ते बरोबर लागलं. दोन वर्षांत पोरीनं हे नाव घेतलं नव्हतं, आणि वहिनींनी तर लग्न होऊन त्या घरात आल्यापासून.

त्यांनी सरांकडे बघितलं. परवानगी मागितल्यासारखं. सरांचे डोळे वाहत होते.

‘म्हण,’ ते म्हणाले. ‘बाबा रागवायचे नाहीत.’

वहिनींनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला, जणू सासरेच समोर बसले होते. ओठ दोनदा हलले, आवाज आला नाही. मग आला.

‘हणमंत,’ त्या म्हणाल्या. ‘आबा, हणमंत. माजा हणमंत. तों पापा.’

मीराच्या हातातली गोटी खाली गेली. ती पडद्याकडे बघत राहिली, आणि मग उठून गेली.

पडद्यावर खाट दिसत होती आणि खिडकीचा एक कोपरा. मला कायम बघायची होती ती फ्रान्समधली खिडकी, बाहेर कसलंसं पिवळं झाड, आणि मला ते बघवत नव्हतं. सर म्हणाले, ‘संपलं.’ फोन बंद करायला मी हात पुढे केला तर वहिनींनी माझं मनगट धरलं.

आतून पावलांचा आवाज आला. मीरा आईला हाताला धरून ओढत घेऊन येत होती. क्लेअरच्या अंगाला पीठ लागलेलं होतं. मीरा तिच्याशी भराभर बोलत होती, इतकी भराभर की माझं फ्रेंच मागे राहिलं. मधले शब्द तेवढे कानाला लागत होते. झाड. मांजर. बाक्री. पापा. पापा. क्लेअर खाटेवर बसली आणि तिनं तोंडावर दोन्ही हात घेतले. मीरा तिच्या मांडीला टेकून पडद्याजवळ आली.

‘झाडावर चढतो, ते पापा?’ तिनं विचारलं.

‘वी,’ सर म्हणाले. हो.

‘मांजरीला दूध देतो, ते पापा?’

‘वी.’

‘शेळीला शिकवतो, ते पण?’

सरांना हसू फुटलं आणि त्याच्यातच हुंदका. ‘वी. ते पण.’

आठ वर्षांची पोर, पण मनातल्या मनात एकेक गोष्ट उघडून आतला मुलगा बदलून ठेवत होती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग तिनं निळी गोटी आईच्या तळहातावर ठेवली, आजीकडे बघितलं आणि एकच शब्द म्हणाली.

‘आंकोर.’

सवयीनं मी अर्थ सांगायला तोंड उघडलं. वहिनींनी हातानंच मला थांबवलं.

‘ठावं हाय मला,’ त्या म्हणाल्या. खुर्ची पुढे ओढून त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि चिंचेच्या झाडापासून पुन्हा सुरुवात केली. ‘तों पापा हणमंत’ झाडावर चढतो. आजी ओरडते. तो खाली येत नाही.